आधी बिल्ले, मग किल्ली

शीतगृह, दरवाजा क्रमांक तीन
३ फेब्रुवारी

भावोजी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

गेल्या खेपेला तुम्ही मला संगणक बसवून दिलात, त्याला बाहेरून जोडायची कुलूपबंद डिस्क दिलीत आणि छाती पुढे काढून म्हणालात, "वहिनी, यात काय आहे ते आता ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही." त्यांचं ठाऊक नाही, पण मलाच कळेनासं झालंय!

ऐका. पासवर्ड घातला की डिस्क उघडते. मी लिहिते, जपून ठेवते, सगळं कसं गोडीगुलाबीने चालतं. पण लिहून झाल्यावर 'डिस्क बाहेर काढा' असं म्हटलं रे म्हटलं, की पडदा काळाठिक्कर! त्यावर पांढऱ्या अक्षरांची रांगच्या रांग, आणि कळफलकावरचा एक दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावतो. मग बटण दाबून त्याचा जीव घ्यायचा आणि पुन्हा जन्माला घालायचा. डिस्क उघडते, पण शेवटी लिहिलेला परिच्छेद गायब. आतापर्यंत अकरा वेळा झालं. उघडताना नाही, लिहिताना नाही, फक्त बंद करताना. असं कुठे असतं का हो?

पडद्यावरचं तुम्हाला लागेल म्हणून मी सगळं हाताने उतरवून सोबत जोडलंय. चार पानं झाली. शून्यं मोजता मोजता डोळे फिरले.

आता आत काय आहे ते सांगते, कारण तुम्हाला वाटत असेल वहिनी हिशेब लपवतेय. तुमच्या दादांचा गाडीवरचा शेवटचा दिवस तीस एप्रिल. बावीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. रोज घरी येऊन चहाबरोबर एक गोष्ट सांगतात: कोणी पुस्तकात काय विसरलं, कोणत्या आजीने कोणतं पुस्तक अकरा वेळा नेलं, गाडीत कोणाचं लग्न जमलं. ते बोलून विसरतात. मी गेली दोन वर्षं दुसऱ्या दिवशी ते लिहून काढते. दोनशेवर पानं झालीत. छापखान्याला दहा एप्रिलपर्यंत द्यायचं आहे. शेवटच्या दिवशी गाडीच्या फळीवर इतर पुस्तकांसारखा नंबर लावून हेही उभं असेल, आणि ते स्वतःच्या हाताने उचलतील. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं वाहिली त्या माणसाने. त्याला एकदा स्वतःचं हातात धरताना मला बघायचंय. बस, दुसरं काही नको.

आणि यातली एक ओळसुद्धा त्यांना आधी कळता कामा नये! माझ्या नावाचं पाकीट हे स्वतः फोडतात आणि वर मलाच वाचून दाखवतात. म्हणून पत्र माझ्या कामावर, शीतगृहाच्या पत्त्यावर पाठवा. इथे ते पाऊल टाकत नाहीत. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा आत अडकले होते, तेव्हापासून या दरवाजाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो म्हणतात. फोन करू नका. मला हळू बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, अख्ख्या जिन्याला ऐकू जातं.

आशीर्वाद.
तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र ऑफिसात आलं. आमच्याकडे पोस्टाने कोणी दोष कळवत नाही, त्यामुळे सगळे भोवती गोळा झाले. तुमचं अक्षर बघून शेजारचा म्हणाला, "इतकं सुंदर कोसळलेलं मी आजवर पाहिलं नाही." शून्यं मी पण मोजली. एकही चुकलेलं नाही.

आधी थोडं समजावून सांगतो. संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा एक मुकादम असतो; जगभरचे आम्ही कितीतरी जण मिळून तो घडवतो. कोणी कुठे बसायचं, कोणी कधी लिहायचं, कोणती वस्तू कोणाच्या हातात द्यायची, सगळं तो ठरवतो. बाकी कोणी आजारी पडलं तर मुकादम त्याला घरी पाठवतो आणि काम चालू राहतं. पण मुकादमच चक्कर येऊन पडला तर अख्खा कारखाना बंद. तो मिचकावणारा दिवा म्हणजे त्याची शेवटची हाक.

मी तुमच्यासारखीच डिस्क घेतली, तोच पासवर्डाचा प्रकार, तेच सगळं. चाळीस वेळा उघडली, लिहिलं, बंद केली. एकदाही कोसळला नाही. माझ्याकडे होत नाही, वहिनी. मला वाटतं वायर खराब असेल. नवी घ्या, जाड बघून.

पुस्तकाचं मात्र मी दोनदा वाचलं. दादा मला लहानपणी शाळेत सोडताना गोष्ट अर्धीच सांगायचा, म्हणजे मी संध्याकाळी पळत घरी यावं. मी पोरकटपणे विचारतो, माझं नाव आहे का हो कुठे?

तुमचा भावोजी

शीतगृह
१९ फेब्रुवारी

भावोजी,

वायर आणली. जाड बघून. इतकी जाड की तिने कपडे वाळत घालता येतील. मुकादम तरीही पडला, तीनदा.

आणि 'माझ्याकडे होत नाही' म्हणजे काय? मी काय दाराशी आलेल्या गाडीवाल्याला 'तुझी पेटी वितळली, पण माझ्याकडे वितळत नाही' असं म्हणते का? तुमच्याकडे होत नसेल तर तुम्ही माझ्यासारखं करत नसाल! आता मी कसं करते ते नीट वाचा, मधल्या ओळी गाळू नका.

माझी पाळी चारला संपते. सव्वाचारला घरी. संगणक चादरींच्या कपाटात आहे, मधल्या फळीवर. समोर स्टूल ओढून बसते. साडेपाचला कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजतो, दोनदा, ती यांची सवय. आमचा मजला चौथा, पायऱ्या बासष्ट, आणि यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणजे माझ्याकडे दोन मिनिटं असतात. शहाणी बाई भोंग्यालाच उठेल. पण नेमकं तेव्हाच चांगलं सुचतं, त्याला मी काय करू? मी लिहीतच राहते. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मग माझी धांदल: एका हाताने 'जपून ठेवा', दुसऱ्या हाताने 'बाहेर काढा', कोपराने कपाटाचं दार. एका श्वासात. हे आत येऊन म्हणतात, "धापा का टाकतेस?" मी म्हणते, "चादरी घडी करत होते." यांना वाटतं आपल्याकडे दोनशे चादरी आहेत.

तर असं करून बघा, आणि मग मला सांगा कोणाकडे काय होतं.

तुमचं नाव पान चौऱ्याहत्तरवर आहे. तुम्ही शाळेत जाताना रडायचात, त्या ठिकाणी.

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

कोसळला! पहिल्याच फटक्यात! दिवा असा मिचकावतोय की ओवाळावंसं वाटतंय.

मी ऑफिसातल्या एकाला दाराबाहेर उभा केला आणि सांगितलं, किल्ली वाजव आणि आत घूस. तो घुसला, मी तुमच्यासारखी धांदल केली, आणि मुकादम आडवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब बाहेर आले, त्यांना वाटलं कोणाचं लग्न ठरलं.

चूक माझीच. मी चाळीस वेळा काय करत होतो? जपून ठेवायचो, चहाचा घोट घ्यायचो, मग सावकाश बंद करायचो. त्या एका घोटातच सगळा घोळ दडला होता. त्याचं असं आहे: तुम्ही 'जपून ठेवा' म्हणता तेव्हा मुकादम हो म्हणतो, पण पान लगेच डिस्कवर जात नाही. एक हमाल ते उचलतो, तुमच्या पासवर्डातून बनलेल्या किल्लीने कुलूपबंद करतो आणि मग आत नेऊन ठेवतो. त्याला थोडा वेळ लागतो. तुम्ही त्या वेळातच डिस्क बाहेर काढायला सांगता. मुकादम पहिलं काम काय करतो, तर किल्ली नष्ट करतो. हमाल तुमचं शेवटचं पान घेऊन उभा, किल्लीसाठी हात पुढे, आणि तिथे पोकळी! त्या पोकळीत हात घातला की सगळंच कोसळतं. म्हणून तुमचा शेवटचा परिच्छेद जातो.

असा क्रम कोणीतरी अतिशहाण्याने लावून ठेवलाय. मला तो सोडवायचा आहे, पण अडलोय. प्रत्येक वेळी सगळ्या हमालांची वाट बघत बसलं तर जगभरच्या मोठ्या यंत्रांवर बंद करायला वेळ लागेल, लोक मला फाडून खातील.

तोवर एक करा: डिस्क बंदच करू नका. उघडी राहू द्या, संगणक चालू राहू द्या. कपाट तेवढं लावून घ्या.

तुमचा, नाचणारा, भावोजी

शीतगृह
८ मार्च

नाचणाऱ्या भावोजींना,

उघडी ठेवलीय. वर टेबलक्लॉथ टाकलाय. आत पंखा घुर्रघुर्र करतो, मी यांना सांगितलं की कसर लागू नये म्हणून यंत्र बसवलंय. यांनी मान डोलावली. इतक्या सहज मान डोलावणारा माणूस नाही हो हा, पण असो.

तुमचं पत्र मी डबा खाता खाता वाचलं आणि मोठ्याने हसले. अहो, तुमचा हा सगळा घोटाळा आमच्या तीन नंबर दरवाजावर सव्वीस वर्षांपूर्वी होऊन गेलाय!

इथे दाराशी एक फळी आहे, तिला दोन बाजू. डावीकडे 'बाहेर', उजवीकडे 'आत'. पितळी बिल्ले टांगलेले. आत जाणाऱ्याने एक बिल्ला डावीकडून काढून उजवीकडे लावायचा, बाहेर आल्यावर पुन्हा डावीकडे. दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि किल्लीशिवाय उघडत नाही. संध्याकाळी दार लावायचं आणि किल्ली ऑफिसच्या लोखंडी पेटीच्या फटीतून आत टाकायची. एकदा टाकली की ती फक्त साहेब काढू शकतात. म्हणून नियम: आधी बिल्ले बघ, उजवी बाजू रिकामी दिसली की मगच किल्ली टाक.

त्या दिवशी आमच्या पहारेकऱ्याने घाईत उलटं केलं. दार ओढलं, किल्ली पेटीत, आणि मग फळीकडे पाहिलं. उजवीकडे बिल्ला नऊ. आत कोण, तर सफरचंदांची गाडी घेऊन आलेला एक ड्रायव्हर, पातळ सदऱ्यात. आतून उघडायची मूठ असते, पण नेमकी त्या महिन्यात ती अडकलेली होती. साहेब घरून येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मी बाहेरून अखंड बोलत राहिले, आत त्याचा जीव घाबरा होऊ नये म्हणून. तो ड्रायव्हर कोण ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या आठवड्यात तो उगीचच इथे आला, दारापासून दहा पावलं लांब उभा राहिला आणि मला विचारलं, चहा पिता का.

पुस्तकात ही एकच गोष्ट नाही. यांनी ती कधी सांगितलीच नाही. विषय काढला की उठून जातात.

तर भावोजी, तुमच्या मुकादमाला एक फळी द्या. आणि वेळ लागेल म्हणून काय रडता? आत कोणी असेल तरच थांबायचं. फळी रिकामी असेल तर एक नजर टाकायला किती वेळ लागतो? आणि तो अतिशहाणा कोण, त्याचं नाव-पत्ता कळवा. त्याला मी स्वतः पत्र लिहिते.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

पत्र लिहायला पत्ता शोधावा लागणार नाही. याच पत्त्यावर लिहा.

आमच्यात एक रीत आहे. दुरुस्ती पाठवायची तर तिच्याखाली लिहावं लागतं की मूळ चूक कोणत्या बदलामुळे आली. म्हणून मी जुन्या नोंदी उलटत मागे गेलो. तीन वर्षांपूर्वीचा एक बदल सापडला. वर लिहिलेलं: 'डिस्क लवकर बंद व्हावी म्हणून किल्ली आधीच परत.' खाली नाव माझं. त्या बदलाबद्दल मला शाबासकी मिळाली होती हो. मी तुम्हाला ती डिस्क दिली, छाती पुढे काढली, आणि आत माझाच खड्डा होता. खरं सांगतो, मला हे तुम्ही पहिलं पत्र पाठवलंत तेव्हाच थोडंसं वाटलं होतं. चार पानांमध्ये तिसऱ्या ओळीवर माझ्याच हातचं काम दिसत होतं. वायरवर ढकललं. चौदा परिच्छेद माझ्यामुळे गेले. माफ करा.

पण फळी बसवली! तुमचीच, जशीच्या तशी. हमाल पान उचलतो तेव्हा बिल्ला उजवीकडे. ठेवून आला की डावीकडे. उजवी बाजू रिकामी झाली की मगच किल्ली नष्ट. जी वाट बघण्याची मला भीती होती ती मोजली, तर पापणी लवण्याइतकीही नाही. मी ती सगळ्यांपुढे ठेवली. जगभरच्या खवचट माणसांनी तीन दिवस तिची हाडं चाचपली आणि शेवटी एक जण म्हणाला, "इतकं साधं आहे की आपल्याला लाज वाटायला हवी." झालं, ती घेतली गेली.

आणखी एक रीत. दुरुस्तीखाली खबर देणाऱ्याचं आणि उपाय सुचवणाऱ्याचं नाव लिहितात. दोन्ही ठिकाणी लिहिलंय: 'वहिनी, शीतगृह, दरवाजा तीन.' आता हा मुकादम जिथे जिथे काम करेल तिथे तुमचं नाव त्याच्याबरोबर जाईल. पुसता येत नाही.

सोबत छोटी पेनडिस्क आहे. लावा, पडद्यावर विचारेल त्याला हो म्हणा, आणि मग तुमची धांदल करा. मनापासून करा.

तुमचा अपराधी भावोजी

शीतगृह
२६ मार्च

अहो अपराधी,

चालतं!!

मी मुद्दाम यांची किल्ली वाजेपर्यंत थांबले. एका श्वासात तिन्ही गोष्टी, कोपरासकट. दिवा मिचकावला नाही. डिस्क अलगद निघाली. हे आत आले तर मी कपाटासमोर टाळ्या वाजवत होते. "चादरी छान घडी झाल्या," म्हटलं.

माझं नाव जगभर गेलं हे मी इथे सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी दाराशी कागद चिकटवलाय, 'जगप्रसिद्ध दरवाजा'. कांद्याच्या गाडीचा ड्रायव्हर तर येता-जाता सलाम करतो.

तुम्ही एवढं खरं सांगितलंत, आता मलाही गप्प बसवत नाही. पहारेकरी-बिहारेकरी कोणी नव्हता. किल्ली मीच टाकली. मैत्रिणीबरोबर नवीन चपला आणायला जायचं होतं, दुकान सहाला बंद व्हायचं, म्हणून घाई. उजवीकडचा नऊ नंबर दिसला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. तुमच्या दादांना सव्वीस वर्षं पहारेकऱ्याचंच सांगितलंय. आपल्यामुळे एक माणूस तिथे मेला असता, आणि त्याच माणसाने आपल्याशी लग्न केलं, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? म्हणून तुमच्यावर मला राग येत नाही. घाईत किल्ली आधी टाकणारे आपण दोघे एकाच माळेचे मणी.

एक बारीकशी शंका. लिहून संपवलं तेव्हा माझी पानं दोनशेएकतीस होती. काल खाली आकडा बघितला तर दोनशेअडतीस. तुमची फळी पानं वाढवते का?

वहिनी

३१ मार्च

वहिनी,

छापायला देऊ नका! थांबा!

सात पानं आकाशातून पडत नाहीत. माझ्या दुरुस्तीने जुना कचरा उकरून तुमच्या लिखाणात मिसळला असेल तर मी मेलो. ती दुरुस्ती आता लाखो यंत्रांवर जाईल. दोन दिवस जेवण गेलेलं नाही, सगळं उलटून बघतोय, काही सापडत नाही. कृपा करून शेवटची पानं उघडून बघा. उलटीसुलटी अक्षरं आहेत का? जुनेच परिच्छेद पुन्हा आलेत का? लगेच कळवा, आणि कळवेपर्यंत कशालाही हात लावू नका.

भावोजी

शीतगृह
५ एप्रिल

भावोजी,

आधी जेवून घ्या. तुमची फळी शंभर नंबरी आहे.

पानं उघडली. उलटीसुलटी अक्षरं नाहीत, पण एका बोटाने टाइप केलेली आहेत हे दिसतं, कारण दर शब्दानंतर दोन-दोन जागा सोडल्यात. मी काय सांगू, तुम्हीच वाचा. सगळी सात पानं उतरवत नाही, महत्त्वाचं तेवढंच.

'तू कपाटाला कसर न लागण्याचं यंत्र बसवलंस तेव्हाच मी ओळखलं. बुधवारी गाडी बंद असते, तू ड्यूटीवर असतेस. मी टेबलक्लॉथ उचलला. उघडंच होतं. तीन बुधवार बसून सगळं वाचलं. पान चाळीसवर मी सांगितलेलं खोटं आहे, म्हातारीने पुस्तक अकरा नाही चार वेळा नेलं होतं. पण अकरा चांगलं वाटतं, राहू दे.

'एक गोष्ट तुझ्याकडे नाही, कारण मी सांगितली नाही. ती इथे लिहितो. त्या दिवशी मी सफरचंदांच्या पेट्या लावत होतो, दार बंद झालं. आधी फार घाबरलो. ओरडलो. बाहेरून तुझा आवाज आला, घाबरू नका, साहेबांना बोलावलंय, माझ्याशी बोलत राहा. आतल्या मुठीत बर्फ आणि गंज बसला होता. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतो, ड्रायव्हरच्या असतोच. खरवडला, दोन हिसके दिले. तिसऱ्या मिनिटाला मूठ फिरली. दार केसभर हललं. मी बाहेर येणार होतो.

'तेवढ्यात तू म्हणालीस की तुला पाच बहिणी आहेत आणि एकीलाही पोहता येत नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. मी दार परत ओढून घेतलं. मग तू बहिणींची नावं सांगितलीस, मग मला गाणं म्हणायला लावलंस, आणि माझं गाणं ऐकून दाराबाहेर हसू दाबलंस, ते मला ऐकू आलं. मग म्हणालीस, किल्ली मीच टाकली हो, माझंच चुकलं, काही झालं तर मला माफ करा. तुला वाटलं गाण्यात मला ते ऐकू गेलं नाही. गेलं होतं. सतरा मिनिटं मी त्या थंडीत उभा होतो, बोटं बधिर झाली, आणि देवाशप्पथ, साहेब उशिरा यावेत असं वाटत होतं.

'नंतर तू जी पहारेकऱ्याची गोष्ट सांगायला लागलीस ती मी ऐकून घेतली. तू खोटं बोलतेस तर मीही एक ठेवतो, असं मनात. दाराजवळ यायचो नाही ते थंडीला भिऊन नाही. मूठ बघितली की मला हसू फुटायचं, आणि तू विचारलं असतंस.'

भावोजी, मी इथे सफरचंदांच्या पेटीवर बसून रडले आणि हसले. सव्वीस वर्षं हा माणूस सगळं जाणून माझ्यासमोर बसून चहा पितोय. आणि मी त्याच्यापासून दोनशेएकतीस पानं लपवतेय!

दोनशेअडतीसच्या दोनशेअडतीस पानं उद्या छापखान्यात देते. मी वाचलंय हे यांना कळू देणार नाही. आता माझी पाळी.

वहिनी

११ एप्रिल

वहिनी,

जेवलो. दोन वेळचं एकदम.

लबाड! मला लहानपणी सांगायचा, "त्या दारात मी मृत्यू पाहिला." मी आठ दिवस झोपलो नव्हतो. आणि माझी कुलूपबंद डिस्क, जिची किल्ली ब्रह्मदेवाच्या बापाला सापडणार नव्हती, ती एका टेबलक्लॉथखाली तीन बुधवार उघडी! माझ्याच सल्ल्याने! ऑफिसात सांगितलं तर सगळे टेबलं बडवत होते.

तीस तारखेला मी येतो. बासष्ट पायऱ्या चढून. काय करणार आहात ते मला आधी सांगू नका, माझ्या तोंडात राहत नाही.

भावोजी

शीतगृह
९ मे

भावोजी,

तुम्ही गाडीजवळचं पाहिलंत: यांनी फळीवरून पुस्तक उचललं, नंबर वाचला, स्वतःचं नाव वाचलं आणि मग गाडीच्या पायरीवर बसकण मारली. "मला सगळं माहीत होतं की," असं म्हणायला यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा स्वतःचं नावच वाचलं. छापलेलं हातात धरलं की वेगळंच असतं म्हणे. तुम्ही रडलात तेही मी पाहिलं, नाही म्हणू नका. पण तुमची गाडी सुटायची होती, पुढचं तुम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, "माझ्याबरोबर दरवाजा तीनपर्यंत चला." कुरकुरले, गुडघा पुढे केला. मी ऐकलं नाही. फळीसमोर उभं केलं आणि नऊ नंबरचा बिल्ला हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बिल्ल्याकडे. मग त्यांना कळलं की मी शेवटची सात पानं वाचलीत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या हो, या वयात!

त्यांनी बिल्ला उजवीकडे लावला आणि आत गेले. या वेळी स्वेटर होता अंगात, मी आधीच घालायला लावला होता. मी दार ओढलं. किल्ली माझ्या खिशातच ठेवली, फटीकडे पाहिलंसुद्धा नाही. आतली मूठ आता नवी आहे, बोट लावलं की फिरते. मला वाटलं, दोन सेकंदांत बाहेर येतील आणि हसतील.

नाही आले.

मी दाराला कान लावला. आतून आवाज आला, "ते बहिणींचं पुढे काय झालं?"

मग मी स्टूल ओढलं आणि सांगायला बसले.

आशीर्वाद.
तुमची वहिनी